तिची वही परत करा

आपलं पत्र मिळालं. 17 वर्षांची मुलगी, गणितात उत्तम गुण. पण अभियांत्रिकी सोडून तिला तर्कशास्त्र आणि जाणिवेचं मेंदूविज्ञान यांची सांगड घालायची आहे. ‘हे खूळ तुम्हीच उतरवा’ असं लिहून सोबत तिच्या वहीतली पानं पाठवलीत, तीही तिला न विचारता. मी ती वाचलेली नाहीत. या पत्रात मला काळजी वाटली ती एवढ्याच गोष्टीची. मुलीनं मनातलं लिहून ठेवायचं आणि ते तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून परक्याच्या हाती द्यायचं? अशानं तिचा विचार थांबणार नाही, तुमच्याशी बोलणं मात्र थांबेल. वही परत द्या, पानं मला पाठवल्याचंही सांगा आणि तिची माफी मागा.

तुम्ही म्हणता, जाणीव हा ध्यानधारणेचा विषय, प्रयोगशाळेत तिचं काय मोजणार? 2006 साली मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांच्या गटानं अपघातानंतर कसलाच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं, ‘टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर.’ निरोगी माणसाच्या मेंदूत हालचालींची आखणी करणारा जो भाग अशा वेळी कामाला लागतो, तोच तिच्याही मेंदूत लागला. म्हणजे तिला सूचना समजली होती. 2010 च्या अभ्यासात अशा गंभीर अवस्थेतल्या 54 रुग्णांपैकी 5 जणांना मेंदूतून असा प्रतिसाद देणं जमलं. मग उरलेल्या 49 जणांना जाणीव नव्हती? तसं म्हणता येत नाही. ‘प्रतिसाद आहे, तर जाणीव आहे’ यातून ‘प्रतिसाद नाही, म्हणजे जाणीव नाही’ हे निघतच नाही. कुणाला ऐकू आलं नसेल, कुणी झोपेत असेल. रुग्णाच्या खाटेपाशी डॉक्टर आणि नातेवाईक ‘जाणीव आहे की नाही’ याच निष्कर्षावर निर्णय घेत असतात. तुमच्या मुलीला जी सांगड घालायची आहे, तिची गरज तिथे आहे.

आणि ही सांगड नवी नाही. 1943 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ वॉरन मॅककलक आणि तर्कशास्त्रज्ञ वॉल्टर पिट्स यांनी चेतापेशींचं जाळं तर्कशास्त्राच्या भाषेत मांडलं. पिट्स तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा होता.

गणित, संगणकशास्त्र, मानसशास्त्र, वैद्यक, अगदी अभियांत्रिकीतूनही इथे येता येतं. संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंग पक्कं हवं. वाट लांबची आहे, संशोधनातल्या जागा थोड्या असतात. हे तिला जरूर सांगा, पण आधी तिला नेमका कोणता प्रश्न पडलाय ते विचारा. तसं विचारल्याचं तुमच्या पत्रात कुठेच दिसलं नाही. माझ्याशी बोलायचं असेल, तर तिनं स्वतः लिहावं.