आईला गॅसपाशी जाऊ द्यावं की नाही?

"ताई, आईचं किचन बंदच करून टाकू का?" महिन्यातून दोनतीनदा तरी कोणी ना कोणी मला हे विचारतंच. म्हणून आज एका घरचं सांगते, त्यांना विचारूनच सांगतेय आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

इंदूरचंच घर, राजवाड्यापासून फार लांब नाही, जुना वाडा पाडून बांधलेला फ्लॅट. काकू ७६ वर्षांच्या, काका जाऊन चार वर्षं झाली, मुलगा-सून दोघं नोकरीला, सकाळी नऊनंतर घरात काकू एकट्या. दोन महिन्यांत तीन गोष्टी झाल्या. दूध जळून पातेलं काळं झालं, मग एकदा गॅसचं बटण नीट बंद झालं नाही आणि वास शेजारणीला आला, आणि मग पदर पेटता पेटता राहिला. मुलगा घाबरला, कोणीही घाबरेल, त्याने रेग्युलेटर काढून कपाटात कुलपात ठेवला, दुपारचा डबा लावला आणि चहासाठी इंडक्शन आणून दिलं. इंडक्शनवर लोहचुंबक चिकटेल अशा बुडाचीच भांडी चालतात, काकूंची चहाची भांडी सगळी ॲल्युमिनियमची, शिवाय ती टचची बटणं त्यांना उमगेनात. पंधरा दिवसांत काकू अर्धा डबा परत पाठवायला लागल्या, सकाळचे पोहेसुद्धा नको म्हणायला लागल्या. "मी काय पाहुणी आहे का इथं?" असं एकदा म्हणाल्या आणि मग बोलणंच कमी केलं. मुलगा माझ्याकडे आला तो आईला डिप्रेशन आलंय का हे विचारायला.

मी म्हटलं, मला घरी येऊ दे. गेले, रेग्युलेटर लावायला सांगितला आणि म्हटलं काकू, मला तुमच्या हातचे पोहे खायचेत. एक तास ओट्याशेजारी नुसती बसून बघत होते.

ट्यूबलाइट काकूंच्या पाठीमागे, म्हणजे ओट्यावर त्यांचीच सावली. समोरच्या खिडकीतून ऊन डोळ्यांवर, आणि बारीक केलेली निळी आच त्या उन्हात त्यांना दिसतच नव्हती, हात वर धरून अंदाज घेत होत्या. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोचतो, वर मोतीबिंदू असेल तर बघायलाच नको. मोहरी, हळद, जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) सगळं शेगडीच्या मागच्या फळीवर, प्रत्येक चिमटीला हात आचेवरून पलीकडे आणि सोबत पदर. आणि वास? सिलेंडरच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून उग्र वासाचं रसायन त्यात मिसळतात, पण वय वाढतं तसं नाक मंद होतं. काकूंना तो वास आलाच नव्हता. त्या विसरल्या नव्हत्या हो! हे मी मुलाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला.

खरंच विसरणं वेगळं दिसतं. रिकामं भांडं वारंवार आचेवर ठेवणं, रोजच्या चहाची कृतीच न आठवणं, तेच तेच परत विचारणं, असं असेल तर आधी डॉक्टर, आणि तोवर गॅसपाशी कोणीतरी सोबत हवंच. तिथे मी मायेने सुद्धा सूट देत नाही.

या घरी बदल साधेच केले. फळीच्या खाली समोरून उजेड पडेल असा एलईडी, खिडकीला पडदा, मसाल्याचा डबा शेगडीच्या बाजूला. रोजचं सगळं कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत, म्हणजे स्टूलवर चढायचं कारणच संपलं (ते स्टूल मी घराबाहेरच काढायला लावलं). ओट्यापाशी सुती साडी, पदर खोचलेला, कारण सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं. आच विझली की गॅस आपोआप बंद करणारी शेगडी घेतली. गळतीचा अलार्म जमिनीजवळ लावला कारण सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, पण ज्यांच्याकडे पाइपचा गॅस आहे त्यांनी तो वर छताजवळ लावायचा, तो गॅस हलका असतो. वास आला किंवा अलार्म वाजला तर दिव्याचं बटण दाबायचंच नाही, चालूही नाही अन् बंदही नाही, रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, बाहेर येऊन १९०६ ला फोन. भाजलं तर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, हळद नाही, टूथपेस्ट नाही, बर्फ पण नाही.

जेवणाच्या टेबलाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं आणि मला जास्त भीती तिथलीच वाटली. चाकांची खुर्ची, हात नाहीत, आणि काकू शेवटचा घास तोंडात असतानाच ताट उचलून उठायच्या, खरकटं पडलेलं त्यांना खपत नाही. म्हातारपणी जेवणानंतर बऱ्याच जणांचं बीपी उतरतं, काकूंना तर बीपीची गोळीही चालू, एकदोनदा भिंत धरावी लागली होती पण घरी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर टेबलापासूनही उठवलं असतं, असं त्यांना वाटलं. आता हाताची पक्की खुर्ची आहे, जेवून पंधरा-वीस मिनिटं बसायचं, आणि गोळीच्या वेळेचं त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं.

सगळ्यात अवघड काम मुलाचं होतं. तो सारखं "तुला जमत नाही" म्हणायचा, त्याला म्हणायचं होतं "मला भीती वाटते". बाबा अचानक गेले, तेव्हा तो घरी नव्हता. हे त्याने माझ्यासमोर आईला पहिल्यांदा सांगितलं आणि काकूंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाल्या, "अरे मग असं सांग ना, कुलूप कशाला लावतोस?" मग त्यांनीच ठरवलं, तळण कोणी घरी असेल तेव्हाच. आणि बदल्यात रेग्युलेटरला परत कोणी हात लावायचा नाही.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं दिवाळीनंतर. डबा बंद केला. माळ्यावरच्या पितळी परातीचं मात्र अजून ठरलेलं नाही, काकूंना ती खाली हाताशी हवीय, सून म्हणते भरलेली परात उचलायला फार जड आहे, आणि दोघींचंही मला पटतं, सोमवारी तिघं येतायत.