परसातले चार ट्रॅक

प्रिय मित्रा,

तू पाठवलेली फाइल दोनदा ऐकली. बासची चाल सुरेख बसली आहे. पण एका गाण्याला चौऱ्याऐंशी ट्रॅक, आवाजाचे इतके सुटे थर? एकाच गिटारचे अकरा टेक "नंतर ठरवू" म्हणून तसेच पडलेत. ते 'नंतर' आठ महिने झाले तरी उगवलेलं नाही, म्हणून हे पत्र.

रेगे संगीताचा निर्माता ली 'स्क्रॅच' पेरी याने १९७३ साली जमैकात, किंग्स्टनच्या वॉशिंग्टन गार्डन्समध्ये, स्वतःच्या घराच्या परसात स्टुडिओ बांधला. नाव ठेवलं ब्लॅक आर्क. शहरातल्या मोठ्या स्टुडिओंत सोळा ट्रॅक आले तरी हा चारांवरच काम करत राहिला. टिॲकचं टेप मशीन, पुढे साउंडक्राफ्टचा मिक्सर, आवाजाचा प्रतिध्वनी काढणारा रोलंडचा स्पेस इको, आवाज लहरवणारा म्यूट्रॉनचा फेझर.

आता नीट वाच. ड्रम, बास, गिटार, ऑर्गन आधी चार ट्रॅकवर घ्यायचे. मग ते मिसळून एका-दोन ट्रॅकवर उतरवायचे, म्हणजे गाण्याला आणि वरच्या तालवाद्यांना जागा होते. पुन्हा जागा लागली की पुन्हा उतरवायचं. दर वेळी आवाजाची धार थोडी बोथट होते, टेपची सरसर वाढते. आणि एकदा मिसळलेलं सुटं करता येत नाही. दुधात साखर विरघळली की विरघळली. म्हणजे ड्रम उतरवताना अजून न गायलेलं गाणं त्याला कानात ऐकू यायला हवं होतं.

मीही टेपवरच शिकलो. उमेदवारीत एकदा सतारीवर भरमसाट रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, मिसळून उतरवला. निघेना. वादकांना पुन्हा बोलवावं लागलं. तेव्हापासून बटण दाबण्याआधी डोळे मिटून अख्खं गाणं मनात ऐकतो.

पेरीने ब्लॅक आर्कमध्ये केलेला काँगोज या गायकांचा अल्बम 'हार्ट ऑफ द काँगोज' (१९७७) हेडफोनवर ऐक. सेड्रिक मायटनचा फॉल्सेटो, म्हणजे चोरटा उंच आवाज, त्याखाली वॉटी बर्नेटचा खर्ज, आणि झांजा अशा ओल्या की पत्र्यावर पाऊस पडतोय वाटावं. मध्येच गाय हंबरते. ती गाय नव्हे. बर्नेटचाच आवाज पुठ्ठ्याच्या नळीतून काढलेला, असं सांगतात. आयलंड रेकॉर्ड्स या कंपनीने हा अल्बम तेव्हा काढला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. १९९६ साली तो नव्याने निघाला तेव्हा कुठे जगभर पोचला. पण त्याच परसात झालेलं ज्युनियर मर्विनचं 'पोलीस अँड थीव्ज' लंडनच्या क्लॅश या पंक बँडने १९७७ सालीच आपल्या पहिल्या अल्बममध्ये गायलं होतं.

तुझ्या वयाची मुलं पेरीचा विक्षिप्तपणा तेवढा उचलतात: टेपवर सोडलेला धूर, आणि स्टुडिओ मीच पेटवला हे त्याचं सांगणं. त्याआधी साठच्या दशकात तो जमैकातलाच निर्माता कॉक्सन डॉड याच्या स्टुडिओत राबला होता, कान तिथे तयार झाले. हे कुणी सांगत नाही.

आता काम सांगतो. गाण्याची एक प्रत कर. ड्रम आणि बास, इकोसकट, एका स्टिरिओ फाइलमध्ये उतरव. गिटारचा एकच टेक ठेव. वर तुझा आवाज, आणि जागा उरली तर टाळ. मूळ ट्रॅक वेगळ्या ड्राइव्हवर टाकून ती ड्राइव्ह मला आणून दे, माझ्या कपाटात राहील.

रविवारी जेवायलाच ये. जेवण झालं की ऐकू.

तुझा,
सर