परदेशात अमली पदार्थांसह पकडला गेलेला प्रवासी दोषी, की तिथला कायदा?

आपला प्रश्न असा आहे की, परदेशी फिरायला गेलेला भारतीय माणूस तिथे गांजा किंवा तत्सम पदार्थासह पकडला गेला, तर दोष त्याचा मानायचा की थेट फाशीपर्यंत जाणाऱ्या त्या देशाच्या कायद्याचा. आणि आपल्या सरकारने त्याला सोडवून आणावे, ही अपेक्षा रास्त आहे का. मी जळगावला बावीस वर्षे फौजदारी वकिली करतो. सातपुड्याच्या पायथ्याची, चोपडा-शिरपूर पट्ट्यातली गांजाची प्रकरणे आमच्याकडे नेहमीचीच आहेत, त्यामुळे "मला माहीतच नव्हते" हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे आणि, खरे सांगायचे तर, कोर्टात पुष्कळदा मांडलेही आहे. माझे मत असे की, केलेल्या कृत्याचा दोष आणि त्यासाठी मिळालेली शिक्षा ही दोन वेगळी खाती आहेत. शिक्षा अघोरी आहे म्हणून कृत्य माफ होत नाही, आणि कृत्य चुकीचे आहे म्हणून कोणतीही शिक्षा योग्य ठरत नाही.

ज्याने जाणूनबुजून माल नेला, त्याच्याबाबत पहिल्या खात्यात फारसा वाद नाही. मी एकदा सिंगापूरला गेलो होतो, तेव्हा प्रवेशासाठी कागदी पांढरे कार्ड भरून द्यावे लागत असे. अमली पदार्थांच्या तस्करांना येथील कायद्याने मृत्युदंड आहे, असे त्यावर तांबड्या ठळक अक्षरांत छापलेले होते. इतके वाचून, त्याखाली सही करून जो पुढे जातो, त्याला अज्ञानाची सबब उरत नाही. मात्र त्या कायद्याचे माप काय आहे तेही पाहावे. पंधरा ग्रॅमपेक्षा जास्त शुद्ध हेरॉइनची तस्करी सिद्ध झाली की तिथे फाशीची तरतूद लागू होते. पंधरा ग्रॅम म्हणजे आमच्या सराफ बाजाराच्या हिशेबाने दीड तोळा. गांजासाठी ही मर्यादा 500 ग्रॅमची आहे. समजा कुणाकडे 600 ग्रॅम गांजा सापडला. आपल्या 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याप्रमाणे एक किलोच्या आतला गांजा हे 'अल्प प्रमाण' ठरते आणि जास्तीत जास्त एक वर्ष कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तेवढ्याच गांजासाठी सिंगापुरात माणूस तस्कर ठरला तर फासावर जाऊ शकतो. 2009 मध्ये मांडीला पुडी बांधून सिंगापुरात शिरताना पकडल्या गेलेल्या नागेंद्रन धर्मलिंगम या मलेशियन तरुणाकडे सुमारे 43 ग्रॅम हेरॉइन होते. त्याचा बुद्ध्यांक 69 असल्याचे तपासणीत निघाले होते, तरी एप्रिल 2022 मध्ये त्याला फाशी देण्यात आली. पुडी त्याने समजून-उमजून नेली होती, असे न्यायालयांनी मानले, आणि ते मी खोटे म्हणत नाही. तरीही ती फाशी मला पटत नाही. त्याच्याच मायदेशाने, मलेशियाने, 2023 मध्ये सक्तीची फाशी रद्द केली आणि शिक्षा ठरवण्याचा अधिकार न्यायाधीशाच्या हाती दिला.

परदेशी कायद्याला नावे ठेवताना आपण आपला कायदा विसरतो, हेही नमूद करायला हवे. आरोपीला माहीत होते हे सरकारने सिद्ध करावे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. एनडीपीएस कायद्याचे कलम 35 मात्र आरोपीच्या मनात दोष होता हे आधी गृहीत धरते, आणि तो नव्हता हे आरोपीने संशयाला जागा न ठेवता दाखवायचे असते. म्हणजे 'बॅग माझी, पण आतला माल माझा नाही' हे पटवून देणे जळगावातही सोपे नाही. परक्या भाषेत, परक्या कोर्टात तर ते किती अवघड होत असेल, याची कल्पना करावी.

आपल्या प्रश्नाचा खरा अवघड भाग माझ्या मते इथूनच सुरू होतो, कारण आपल्या भागातून परदेशी जाणारी बहुतेक माणसे तस्कर नसतात. ती दुसऱ्याचे सामान नेणारी असतात. जुलै 2019 मध्ये मुंबईचे एक जोडपे दोहाच्या विमानतळावर उतरले. सहल नात्यातल्या एका आत्याने भेट म्हणून दिली होती आणि जर्दा म्हणून एक पाकीटही सोबत दिले होते. त्यात चार किलोंहून अधिक चरस निघाला. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. पत्नी गरोदर होती. तिचे बाळंतपण तुरुंगातच झाले. पुढे इकडच्या तपासात फसवणूक उघड झाली, कतारच्या न्यायालयाने प्रकरण पुन्हा ऐकले आणि एप्रिल 2021 मध्ये ती दोघे लेकीसह परत आली. ती निर्दोष होती यात शंका नाही. तरीही आपण इतरांनी त्यावरून स्वतःला विचारावे की, किलो-किलोच्या हिशेबात जर्दा परदेशी कशाला लागतो, हा प्रश्न आपण तरी आपल्या आत्याला विचारला असता का? नात्यात असे विचारणे आपल्याकडे उद्धटपणाचे मानले जाते, आणि माल पाठवणाऱ्यांना ते चांगले ठाऊक असते.

हा प्रसंग मी स्वतः भोगला आहे. लेक दुबईला असते. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी आम्ही उभयता तिच्याकडे निघालो, तेव्हा आदल्या संध्याकाळी गल्लीतल्या एक आजी ओट्यावर आल्या. त्यांचा नातू शारजात नोकरीला आहे. खाकी चिकटपट्टीने चारही बाजूंनी गुंडाळलेला डबा पुढे करून म्हणाल्या, "इतलंसं ते शे भाऊ, मना पोऱ्याले दी देजो." मी डबा उघडायला सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. "तुले मनावर इस्वास नही का?" या प्रश्नाला माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते, कोर्टात दिवसभर उलटतपासणी घेणारा माणूस त्या ओट्यावर गप्प बसला. शेवटी बायकोनेच सुरीने पट्टी कापली. आत काळा मसाला, कळण्याच्या पापडांची चळत आणि अनारशांची पिशवी होती. गुन्हेगारी असे काहीही नव्हते, पण अनारशांची एक बाजू खसखशीने भरलेली होती.

खसखस म्हणजे अफूच्याच बोंडातले बी. आपल्याकडे ती किराणा दुकानात उघड मिळते, मंदसौर-नीमचकडे परवान्याने अफूची शेती होते, आणि दिवाळीत खसखशीशिवाय अनारसा ही कल्पनाच आपल्याला सहन होत नाही. पण या बियांच्या टरफलावर मॉर्फीनचा अंश राहू शकतो, म्हणून संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात खसखस नेण्यास मनाई आहे. औषधांचेही तसेच, कोडीनचे खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडॉलची गोळी इथे डॉक्टर सहज लिहून देतात, अमिरातीत मात्र ती नेण्यासाठी तिथल्या सरकारची आगाऊ परवानगी लागते. आजींना हे कळण्याचा काही मार्ग नव्हता, हे मला मान्य आहे. मला मात्र होता. विमानतळावर काउंटरवरची मुलगी "बॅग तुम्ही स्वतःच भरली का?" असे विचारते आणि आपण तिकडे न पाहताच "हो" म्हणतो, माझ्या समजुतीने प्रवाशाची जबाबदारी त्या "हो"मध्ये आहे. आतले सामान आपण डोळ्यांनी पाहिलेले नसेल, तर ते उत्तर खोटे असते.

दुसरा एक प्रकार अलीकडे वाढला आहे, त्याबद्दल थोडक्यात लिहितो. बियाणे आणि खतांच्या कंपन्या आपल्याकडच्या कृषी केंद्रवाल्यांना विक्रीचे टार्गेट पूर्ण झाल्यावर बँकॉक-पट्टायाला नेतात. थायलंडने जून 2022 मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला तेव्हा तिथे रस्तोरस्ती त्याची दुकाने दिसू लागली, आणि 'तिकडे तर कायदेशीर आहे' हे वाक्य आपल्या गावांपर्यंत आले. जून 2025 मध्ये त्याच देशाने तो पुन्हा वैद्यकीय चिठ्ठीशिवाय मिळणार नाही असा नियम केला. तिथले नियम काहीही असोत, मुंबईच्या विमानतळावर भारताचाच कायदा लागू होतो, आणि बँकॉकहून आणलेला 'हायड्रो' (मातीविना, पाण्यात वाढवलेला) गांजा तिथे वरचेवर पकडला जातो. तिकीट फुकट, हॉटेल फुकट, फक्त येताना एक बॅग आण, असे सांगून ज्या बेकार पोरांना पाठवले जाते, त्यांची मला कीव येते. पण फुकट तिकिटामागचा हिशेब त्यांना कळतच नाही, असे मी मानत नाही. तो प्रश्न विचारायचा नाही, हे त्यांनी स्वतःशी ठरवलेले असते.

आता सरकारकडून काय अपेक्षा ठेवावी, हा प्रश्न उरतो. 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 36 प्रमाणे अटकेतल्या परदेशी माणसाने मागणी केल्यास त्याच्या वकिलातीला कळवावे लागते, आणि वकिलातीचे अधिकारी त्याला भेटू शकतात, वकील मिळवून देऊ शकतात. खटला थांबवण्याचा किंवा निकाल बदलण्याचा अधिकार त्यांना नाही, जसा तो परदेशी वकिलातींना आपल्या न्यायालयांबाबत नाही. शिक्षा लागल्यानंतर, त्या देशाशी करार असल्यास आणि कैद्याची संमती असल्यास, 2003 च्या कायद्यानुसार उरलेली शिक्षा भारतात भोगता येते. एप्रिल 2019 मध्ये दिल्लीहून तेल अवीवला जाताना मॉस्कोत विमान बदलणाऱ्या इस्रायली तरुणीच्या बॅगेत साडेनऊ ग्रॅम चरस निघाला, साडेसात वर्षांची शिक्षा झाली आणि जानेवारी 2020 मध्ये तिला माफी मिळाली, हे खरे. पण त्यासाठी तिच्या देशाच्या पंतप्रधानांना स्वतः रदबदली करावी लागली. प्रत्येकाच्या वाट्याला असे होईल, या भरवशावर कुणी बॅग भरू नये.

आपल्या ओळखीचे कुणी खरोखर अडकले असेल, तर प्रथम परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा, तिथला स्थानिक वकील पाहा, आणि ते सामान कुणी, कुठे, कोणाच्या समक्ष दिले याची टिपणे आजच्या आज काढून ठेवा. त्याच्या घरी राहिलेला जुना फोन असेल, तर तो कुणी फॉरमॅट करू नये. दोहाच्या प्रकरणात आत्याशी झालेल्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण असेच उपयोगी पडले होते.