'द काइट रनर'मधल्या अमीरने हसनचा विश्वासघात फक्त भीतीपोटी केला का?

खालिद होसैनींच्या कादंबरीतला अमीर तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा, गल्लीत मित्र हसनवर बलात्कार करणारा असेफसारखा गुंड पाहून घाबरला आणि पळाला, मग त्याला विश्वासघातकी का म्हणायचं, असं तुम्ही विचारलंय.

नुसती भीती असती तर मीही त्याला माफ केलं असतं. पण पुढे अमीर स्वतःशीच कबूल करतो की भीती ही सबब होती. १९७५च्या हिवाळ्यातल्या त्या पतंगांच्या स्पर्धेत शेवटी काटलेला निळा पतंग त्याला बाबांपुढे नेऊन धरायचा होता, आणि त्यापायी हसनचा बळी गेला तर गेला. तो शेवटी हजाराच ना, म्हणजे अफगाणिस्तानातल्या हीन लेखल्या जाणाऱ्या जमातीतलाच, हा विचार त्याच्या मनात आपसूक येतो. मला अख्ख्या पुस्तकात याहून भयंकर दुसरी जागा वाटत नाही.

दोघं एकाच दाईच्या दुधावर वाढलेले. पण अमीर वरचढ पश्तून जमातीतला, सुन्नी, काबूलच्या वजीर अकबर खान या श्रीमंत वस्तीतल्या बंगल्यात राहणारा. हसन शिया हजारा, त्या घरचा नोकर अलीचा मुलगा, त्याच बंगल्याच्या बागेतल्या मातीच्या खोपटात. सकाळी अमीरचा नाश्ता मांडून, कपड्यांना इस्त्री करून हसन त्याला शाळेत धाडतो, स्वतः मात्र निरक्षर. १८९०च्या दशकात अफगाण राजा अब्दुर रहमान खानाच्या फौजांनी हजारांची कत्तल केली, जमिनी बळकावल्या, माणसं गुलाम म्हणून विकली. तीच उतरंड या मुलांच्या खेळातही आहे.

गल्लीपेक्षा मला घड्याळाचा प्रसंग जास्त छळतो. वाढदिवसाचं घड्याळ आणि मूठभर नोटा अमीर हसनच्या गादीखाली सरकवतो आणि बाबांना जाऊन सांगतो. इथे कुणाचा धाक नव्हता, सगळं थंड डोक्याने केलेलं. बाबा विचारतात तेव्हा हसन 'हो' म्हणतो, कारण 'नाही' म्हटलं असतं तर अमीर खोटा पडला असता. बाबा तिथल्या तिथे माफ करतात, तरी अली मुलाला घेऊन घर सोडतो.

(शेवट वाचला नसेल तर इथे थांबा.) अमीरच्या आधी हेच बाबांनी केलं होतं. लहानपणापासून सोबत वाढलेल्या अलीच्या बायकोपासून झालेला आपला मुलगा त्यांनी जन्मभर नोकराचा म्हणून वाढू दिला. पुढे बाबांचा मित्र रहीम खान याच्या सांगण्यावरून हसन तोच बंगला राखत असतो, तेव्हा एका हजाराचं एवढ्या मोठ्या घरात काय काम, म्हणून तालिबानी दारात येतात. शेजाऱ्यांनी साक्ष देऊनही ते त्याला खोटारडा आणि चोर ठरवतात आणि रस्त्यावर गोळी घालतात. अमीरनेही त्याच्यावर चोरीचाच आळ घातला होता.