53 जागा जिंकूनही डेन आउल सत्तेबाहेर का राहिले?

1977 साली यॉप डेन आउल यांच्या नेतृत्वाखाली 53 जागा मिळवून पहिला आलेला डच मजूर पक्ष विरोधी बाकांवर बसला आणि 49 जागांच्या ख्रिस्ती लोकशाहीवादी आघाडीचे (कॅथलिक पक्ष हा तिचाच एक घटक) द्रीस फान आख्त पंतप्रधान झाले, हे कसे, असे आपण विचारले आहे. फान आख्त यांनी दगा दिला, हे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते. मजूर पक्षाने विजयानंतर तुटेपर्यंत ताणले, आणि त्या ताठरपणाचे मूळ अकरा वर्षे मागे होते.

डच कनिष्ठ सभागृहाच्या 150 जागा देशभरच्या मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात, जेमतेम 0.67 टक्के मतांवर एक जागा पदरात पडते, त्यामुळे एकट्याच्या बळावर बहुमत कोणालाच मिळत नाही. 1948 ते 1958 या काळात मजूर पक्षाचे विलेम ड्रेस यांनी कॅथलिक पक्षाला सोबत घेऊन कारभार केला आणि 1957 पासून सर्वांना वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन मिळू लागले. मात्र डावीकडे झुकायचे की उजवीकडे, हे मध्यावर बसलेला कॅथलिक पक्षच ठरवी.

13 ऑक्टोबर 1966 च्या रात्री हे उघड झाले. सरकारात मजूर पक्षही होता; पंतप्रधान यो काल्स स्वतः कॅथलिक पक्षाचे, आणि अर्थसंकल्पातील तूट कशी भरून काढणार, यावर ठराव मांडणारे नॉर्बर्ट श्मेल्त्सर हे त्याच पक्षाचे सभागृहातील नेते! हा अविश्वासच समजू, असे काल्स यांनी बजावले. तरीही मध्यरात्रीनंतर, दूरचित्रवाणीवर देश पाहत असताना, ठराव 75 विरुद्ध 62 मतांनी संमत झाला आणि सरकार पडले. मजूर पक्षातील तरुणांनी ही जखम इतकी मनावर घेतली की 1969 च्या अधिवेशनात कॅथलिकांशी सहकार्य न करण्याचा ठराव झाला.

तरीही 1973 मध्ये डेन आउल पंतप्रधान झाले तेव्हा त्यांना कॅथलिक मंत्री घ्यावेच लागले. न्यायमंत्री होते हेच फान आख्त. जमिनीच्या धोरणावरून ते सरकार मार्च 1977 मध्ये कोसळले. निवडणुकीत दहा जागा वाढल्यावर मजूर पक्षाला मंत्रिमंडळातही वरचष्मा हवा झाला, आणि कधी गर्भपाताच्या कायद्यावरून, कधी खातेवाटपावरून बोलणी महिनोन्महिने रखडली. अखेर फान आख्त आणि उदारमतवाद्यांचे हान्स व्हीगल यांचे हेगमधील ‘ल बिस्त्रोके’ या उपाहारगृहात जेवताजेवता जमले. निवडणुकीनंतर 208 दिवसांनी सरकार आले ते 77 जागांचे. त्यातही ख्रिस्ती आघाडीतील काही सदस्यांनी पूर्ण पाठिंबा न देता ते केवळ चालवून घेण्याचे कबूल केले होते. सत्तेवर येताना विश्वासमत घ्यावे लागत नसल्याने तेवढे पुरले, आणि या सरकारने मुदत पूर्ण केली. 1981 मध्ये डेन आउल पुन्हा मंत्री झाले खरे, पण फान आख्त यांच्या हाताखाली. काही महिन्यांतच, मे 1982 मध्ये, मजूर पक्ष त्या सरकारातून बाहेर पडला.