निवृत्तीनंतरची कपडेखरेदी: एकरकमी की वर्षावर्षाला?

आपले सविस्तर पत्र वाचले. आठ महिन्यांपूर्वी आपण निवृत्त झालात. निवृत्तीनिधीतून वर्षाला साधारण ४ टक्के रक्कम काढून घरखर्च भागतो. आता त्याच निधीतली ३ टक्के रक्कम एकदाच खर्च करून पुढील वीस वर्षे पुरेल असा कपड्यांचा संच घ्यावा आणि भिंतीत बसवलेले मोठे कपाट करून घ्यावे, असा आपला विचार आहे. रकमेचा अर्धा भाग कपड्यांसाठी आणि अर्धा कपाटासाठी लागेल. कपडे महाग होत जाणार आणि पुढे दुकाने फिरण्याची ताकद उरणार नाही, म्हणून हे आताच उरकावे, असे आपले म्हणणे आहे. घरातली कपाटे आधीच भरलेली असल्याने एकही नवा कपडा घेऊ नये, असे आपल्या यजमानांचे मत आहे. दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे.

माझे मत असे आहे की कपड्यांसाठी ठरवलेल्या रकमेपैकी फार तर एक तृतीयांश आता खर्च करावी, उरलेली स्वतंत्र ठेवीत ठेवावी आणि कपाटाचा विषय किमान वर्षभर पुढे ढकलावा. त्याच वेळी, काहीच घेऊ नये हे यजमानांचे म्हणणेही मला मान्य नाही, कारण नोकरीच्या गरजेने भरलेले कपाट निवृत्तीच्या दिनक्रमाला पुरे पडतेच असे नाही. आपल्याकडे कपडे पुष्कळ असूनही घालायला काही नसते, ही आपली तक्रार म्हणूनच खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये.

आधी महागाईचा मुद्दा पाहू, कारण आपला सगळा बेत त्यावर उभा आहे. किमती वाढतात हे खरे, पण तोपर्यंत हातातले पैसेही ठेवीत वाढत असतात. त्यामुळे आगाऊ खरेदीचा फायदा पूर्ण महागाईइतका कधीच नसतो. कपड्यांच्या किमतींची वाढ आणि कर वजा जाता मिळणारे व्याज यांतल्या फरकाइतकाच तो असतो. किमती व्याजापेक्षा वर्षाला १ टक्क्याने अधिक वाढतील असे धरू. वीस वर्षांत टप्प्याटप्प्याने घ्यायचे कपडे आजच घेतले, तर ती खरेदी सरासरी दहा वर्षे आधी होते आणि तिच्यातून साधारण १० टक्के बचत होते. उलट, आज घेतलेल्या कपड्यांपैकी एक चतुर्थांश जरी पुढे वापरता आले नाहीत, तरी २५ टक्के रक्कम वाया गेली. म्हणजे खरा प्रश्न किमती किती वाढतील हा नसून साठवलेले कपडे वापरण्याजोगे राहतील का, हा आहे.

याविषयी मला गंभीर शंका आहे आणि तिचे पहिले कारण कपड्यांचा स्वभाव हे आहे. न वापरलेला कपडा नवाच राहतो, असे आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात इलॅस्टिक आणि ताणल्या जाणाऱ्या धाग्यांची लवचीकता काळाबरोबर कमी होते, मग तो कपडा अंगावर असो वा खणात. पॉलियुरेथेनच्या तळव्यांचे बूट हवेतल्या ओलाव्याने आतून कमकुवत होतात आणि काही वर्षे खोक्यात राहिल्यावर पहिल्याच वापरात त्यांचे तुकडे पडू शकतात. लोकर आणि रेशीम कसरीच्या अळ्यांचे खाद्य आहे. घामाचा किंवा अन्नाचा अंश राहिलेला कपडा त्यांना अधिक आवडतो. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले नाजूक कापड घडीच्या रेषेवर विरते. साठा सांभाळायचा म्हणजे तो अधूनमधून उलगडणे, वारा देणे, तपासणे आणि पुन्हा ठेवणे आले, आणि हे काम आपण वीस वर्षांसाठी स्वतःच्या अंगावर घेत आहात.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. साठीनंतरचे शरीर स्थिर राहत नाही. चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी उंची साधारण एक सेंटिमीटरने कमी होते आणि सत्तरीनंतर हा वेग वाढतो. त्यामुळे आज बेतलेल्या पँटची लांबी उद्या पायात अडकू शकते. वजन कमी किंवा जास्त होते, कंबर आणि खांद्यांचा आकार बदलतो, पावले पसरट होतात. बोटांचे सांधे आखडले की लहान गुंड्या आणि पाठीमागची चेन त्रासदायक ठरते. खांदा वर जाईनासा झाला की डोक्यावरून घालायचे कपडे नको वाटतात. त्वचा पातळ झाल्यावर जाड शिवण टोचते आणि थंडी पूर्वीपेक्षा अधिक जाणवते. यांतले आपल्या वाट्याला काय येईल आणि कधी येईल, हे आज कोणीच सांगू शकत नाही. वीस वर्षांचे कपडे आज घेणे म्हणजे या अनोळखी शरीराची मापे आजच ठरवून टाकणे होय.

त्यात एक तिसरी गोष्ट येते. निवृत्त होऊन आठच महिने झाले आहेत आणि आपला दिनक्रम अजून बसलेला नाही. पुढे आपण रोज चालायला जाल, एखाद्या संस्थेत काम कराल, बागेत रमाल की प्रवासाला निघाल, हे पत्रावरून आपल्यालाही निश्चित ठाऊक आहे असे वाटत नाही. या चारही आयुष्यांचे कपडे वेगळे असतात.

निधीच्या बाजूने पाहिले तर ३ टक्के ही रक्कम किरकोळ भासते, पण वर्षाला ४ टक्के काढणाऱ्या घरासाठी ती नऊ महिन्यांचा घरखर्च आहे. निवृत्तीच्या पहिल्या काही वर्षांत काढलेली मोठी रक्कम नंतर काढलेल्या रकमेपेक्षा जास्त महाग पडते, कारण तिच्यावर पुढे मिळू शकणारा सगळा परतावा तिच्याबरोबर जातो. आपल्या निधीचा काही भाग बाजाराशी जोडलेला आहे. नेमक्या याच वर्षांत बाजार पडला, तर पडत्या भावात गुंतवणूक विकावी लागते आणि ती तूट सहसा भरून निघत नाही. शिवाय ठेवीतली रक्कम औषधोपचारापासून घरदुरुस्तीपर्यंत कशालाही उपयोगी पडते, तर वापरलेला कपडा विकायला काढला की मूळ किमतीचा अगदी लहान अंश हाती येतो.

आता काय करावे ते सांगतो. पुढचे तीन-चार महिने कपाटातले सगळे हँगर एका दिशेने लावावेत आणि कपडा वापरून परत ठेवताना हँगर उलटा करावा. घडीचे कपडे वापरल्यावर वेगळ्या खणात ठेवावेत. आपण खरोखर काय वापरता याचे इतके साधे आणि खरे उत्तर दुसऱ्या कशातून मिळत नाही. याच काळात जे उणे भासेल त्याची नोंद ठेवावी, पण लगेच विकत घेऊ नये. नोंद तीन-चारदा झाली तरच ती गरज समजावी.

किंमत पाहताना लेबलवरचा आकडा पुरेसा नसतो. कपड्याची किंमत, त्याच्या धुलाईचा आणि आल्टरेशनचा खर्च मिळवून तो किती वेळा अंगावर येईल याने भागावे. १०० एककांचा (एकक म्हणजे पैशाचे कोणतेही सोयीचे माप) कपडा आठवड्यातून दोनदा दोन वर्षे घातला, तर तो सुमारे २०० वेळा वापरला जातो आणि एका वापराला अर्धा एकक पडतो. ४०० एककांचा समारंभाचा कपडा आठच वेळा घातला, तर एका वापराला ५० एकके पडतात, आणि त्याला प्रत्येक वेळी ड्रायक्लीनिंग लागत असेल तर ती वेगळी. समारंभाचे कपडे घेऊच नयेत असे मी म्हणत नाही. एक-दोन उत्तम कपडे जवळ असावेत, त्यांत आनंदही असतो. पण रोजच्या कपड्यांत काटकसर आणि क्वचितच्या कपड्यांत सढळपणा, हा निवृत्तीनंतर मला वारंवार दिसणारा क्रम उलटा आहे. आता रोजचाच कपडा सर्वाधिक चांगला हवा.

म्हणून आताच्या एक तृतीयांश रकमेतून पहिला मान पादत्राणांना द्यावा. पावले दिवसभरात थोडी सुजतात, त्यामुळे बूट दुपारनंतर, दोन्ही पावले मोजून आणि दोन्ही पायांत घालून, थोडे चालून मग घ्यावेत. तळवा न घसरणारा आणि टाच घट्ट धरणारी हवी. या वयात पडण्याचा खर्च कोणत्याही बुटापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि मी फक्त पैशांच्या खर्चाविषयी बोलत नाही. त्यानंतर अंतर्वस्त्रे, मग घरात आणि फिरायला जाताना चालतील असे सहज धुता येणारे कपडे, आणि एक चांगला उबदार थर. एवढ्यावर थांबावे.

यापुढे दरवर्षीची तरतूद अशी काढावी: जे कपडे प्रत्यक्ष वापरात आहेत त्या सगळ्यांची आजची किंमत लिहावी आणि ती त्यांच्या सरासरी आयुष्याने भागावी. समजा, वापरातला संच ६० एककांचा आहे (इथले एकक आधीच्या उदाहरणापेक्षा मोठे धरले आहे) आणि सरासरी पाच वर्षे टिकतो, तर वर्षाला १२ एकके लागतील. त्यात धुलाई आणि दुरुस्तीचा अंदाज मिळवावा. ही रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात जमा करावी आणि न वापरलेली पुढच्या वर्षी न्यावी, म्हणजे कोट आणि बूट एकाच वर्षी बदलण्याची वेळ आली तरी निधीला हात लावावा लागणार नाही. किमती वाढतील तशी तरतूद वाढवावी. कपड्यांसाठी बाजूला ठेवलेल्या ठेवीचे व्याज त्यासाठीच आहे. यजमानांची तरतूद वेगळी असावी आणि एकाच्या खरेदीचा हिशेब दुसऱ्याने विचारू नये. पत्रातला वाद यामुळे बराच शमेल असे मला वाटते.

सेलविषयी थोडक्यात: यादीतली वस्तू सवलतीत मिळाली तर ती बचत, यादीबाहेरची मिळाली तर तो खर्चच. हप्त्यांवर कपडे मुळीच घेऊ नयेत. मिळकत ठरलेली असताना पुढच्या महिन्यांची मोकळीक आज विकू नये.

ऑफिसच्या जुन्या कपड्यांवर खर्च झालेले पैसे ते ठेवल्याने परत येणार नाहीत, त्यामुळे निर्णय पुढच्या उपयोगावर घ्यावा. चांगल्या स्थितीतले कपडे लवकर द्यावेत, म्हणजे ते दुसऱ्याच्या खरोखर उपयोगी पडतील. काही कपड्यांत आपल्या नोकरीची वर्षे साठलेली असतील. असे मोजके कपडे हिशेबात न धरता ठेवावेत, त्याबद्दल कोणाला उत्तर देण्याची गरज नाही.

राहिला कपाटाचा प्रश्न. भिंतीत बसवलेले कपाट घर बदलताना सोबत नेता येत नाही, आणि पुढच्या दहा वर्षांत लहान घरात किंवा मुलांजवळ जाण्याची शक्यता आपणच पत्रात लिहिली आहे. शिवाय छतापर्यंत गेलेले कप्पे स्टुलावर चढायला लावतात आणि जमिनीलगतचे खण वाकायला लावतात. तूर्त आहे त्याच कपाटात दांडा खाली घ्यावा, रोजचे कपडे कंबर ते खांदा या उंचीत आणावेत आणि आत एक दिवा लावून घ्यावा. सुताराचे एका दिवसाचे काम आहे. वर्षभरानंतर, न लागणारे कपडे बाहेर गेल्यावरही जागा अपुरी पडत असेल, तर उरलेल्या कपड्यांची यादी आणि जागेची मापे मला पाठवावीत. तेव्हा हलवता येण्याजोग्या कपाटाचा विचार आपण आकडे समोर ठेवून करू.