लोको म्हणजे येडा का हो भाऊ?

प्रश्न (भुसावळ) : माझे मिस्टर रेल्वेत लोको पायलट आहेत. पुण्याचा भाचा सुट्टीत आला आणि हसत म्हणे, मावशी, लोको म्हणजे इंग्रजीत येडा, मग काका येड्यांचे पायलट का? तेव्हापासून घरातली पोरं तेच धरून बसलीत. खरं काय ते छापा एकदाचं.

उत्तर : ताई, आधी भाच्याला सांगा की भुसावळात येऊन रेल्वेवाल्याच्या घरात असं बोलायला छाती लागते. शब्द दोन आहेत, कानाला तेवढे एक लागतात. मिस्टरांचा लोको हा लोकोमोटिव्हचा अर्धा तुकडा, मूळ लॅटिन, लोकस म्हणजे जागा, जागा सोडून पुढं सरकतं ते लोकोमोटिव्ह, आणि रेल्वेत तर शेडपासून पायलटपर्यंत सगळं लोकोच. भाच्याचा लोको स्पॅनिश, तिथं अर्थ सरळ वेडा, तो अमेरिकेतल्या गुराख्यांच्या तोंडून इंग्रजीत घुसला. तिकडं पश्चिमेच्या कुरणांत एक शेंगावर्गातली रानटी वनस्पती उगवते, घोडे-गुरं ती बरेच दिवस खात राहिली की झोकांड्या देतात, उगाच बुजतात, वाळत जातात, म्हणून तिचं नावच लोकोवीड पडलं. आपल्याकडं कोवळी ज्वारी खाऊन ढोर बघता बघता आडवं होतं, तसा प्रकार नाही हा, इथं आधी डोकं फिरतं. तर दोन्ही लोकोंचा एकमेकांशी काही संबंध नाही.

प्रश्न (चाळीसगाव) : लंडनला असलेला पुतण्या फोनवर म्हणाला, काका, आमचा बॉस डूलॅली झालाय. मी समजलो कामात डिली-डॅली करत असेल. एकच का हे?

उत्तर : नाही हो भाऊ. डिली-डॅली म्हणजे टंगळमंगळ. डॅली म्हणजे वेळ घालवणं, त्याचीच जोडी लावून केलेला शब्द, बस. डूलॅली म्हणजे मात्र डोक्यावर परिणाम झालेला, आणि हा शब्द तुमच्याच लाइनवरचा आहे, मुंबईकडं निघालात की नाशिक रोडच्या पुढचं देवळाली! इंग्रजांच्या काळात तिथं गोऱ्या सोल्जरांचा कॅम्प होता. नोकरीची मुदत संपली की मायदेशी जायच्या बोटीसाठी त्यांना तिथं आणून ठेवायचे, पण बोटी ठरावीक महिन्यांतच सुटायच्या, सीझन हुकला की बसा पुढच्या सीझनपर्यंत. काम नाही, ऊन, मलेरिया, वरून दारू, मग डोकी फिरणारच की. देवळाली त्यांच्या जिभेवर डूलॅली झालं. पूर्ण बोली होती डूलॅली टॅप, त्यातला टॅप म्हणजे आपला ताप, तो पुढं गळाला. याच सोल्जरांनी देखो चं डेको केलं आणि विलायतीचं ब्लायटी, म्हणजे मायदेश. मला विचाराल तर या सगळ्यात डूलॅलीच भारी, आपल्या एका स्टेशनाच्या नावानं अख्खं इंग्लंड एकमेकांना येडं म्हणतंय.

प्रश्न (यावल) : फ्लॉवर म्हणजे फूल आणि पीठाला पण जवळपास तसंच म्हणतात, हे कसं?

उत्तर : एकच शब्द आहे तो. दळलेल्यातला चाळून काढलेला सगळ्यात बारीक, चांगला भाग म्हणजे दळणाचं फूल, असं फ्रेंच लोक म्हणायचे. इंग्रजीत बरीच शतकं दोन्हीचं स्पेलिंग एकच चालायचं, वेगळं नंतर झालं. कळण्याच्या पिठाला फूल म्हणायला आमची जीभ काही वळणार नाही, ते असो.

प्रश्न (जळगाव) : कॉलेजातली मुलगी एका पोराबद्दल म्हणते त्याच्यात रिझ आहे. आजार आहे का काही?

उत्तर : आजार नाही, पण लक्ष असू द्या! रिझ म्हणजे समोरच्याला बोलण्या-वागण्यातून गुंडाळायची कला, 2023 मध्ये ऑक्सफर्डवाल्यांनी याला वर्षाचा शब्द ठरवलं. कॅरिझ्मा मधला मधला तुकडा उचलला, जसं रेफ्रिजरेटरच्या पोटातून फ्रिज निघालं. आता तुम्ही म्हणाल कॅरिझ्मा म्हणजे आपला करिश्माच की. इथंच भले भले फसतात. कॅरिझ्मा ग्रीक, अर्थ देवानं दिलेली देणगी. करिश्मा फारसी, आणि त्याचा जुना अर्थ नखरा, डोळा मारणं. त्या पोरात यातलं कुठलं आहे ते मुलीलाच विचारा.